हस्तिदंती चोचीचा सुतार : पुरावा नेमका कशाला म्हणायचे?

पाणथळ
गेली अकरा वर्षे मी अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, लिटल रॉक येथे राहतो. घरापासून मोटारीने साधारण सव्वा तासाच्या अंतरावर ब्रिंकली नावाचे लहानसे गाव आहे आणि त्याच्या जवळून बायू डीव्ह्यू ही दलदल जाते. पाण्यात उभी असलेली सायप्रस आणि ट्युपेलोची प्रचंड झाडे, त्यांच्यामधून होडी जेमतेम वळेल एवढी वाट आणि हिवाळ्याच्या सकाळी कानात घुमणारी शांतता, असे तिचे रूप आहे.

11 फेब्रुवारी 2004 रोजी जीन स्पार्लिंग नावाच्या होडीवाल्याने येथे एक फार मोठा, लाल शेंडीचा सुतार पक्षी पाहिला. त्याचे वर्णन वाचून टिम गॅलागर आणि बॉबी हॅरिसन हे दोघे पक्षीनिरीक्षक त्याच्याबरोबर दलदलीत उतरले आणि 27 फेब्रुवारीला त्यांच्या समोरून तसाच पक्षी उडत गेला. हॅरिसन तेथेच एका ओंडक्यावर बसून रडले असे सांगतात. त्याच वर्षी 25 एप्रिलला डेव्हिड लूनो यांच्या होडीत चालू ठेवलेल्या कॅमेऱ्यात खोडामागून उडून जाणारा एक पक्षी जेमतेम चार सेकंद टिपला गेला. वर्षभर सगळा शोध गुप्त ठेवून एप्रिल 2005 मध्ये जाहीर करण्यात आले की, 1944 नंतर ज्याची अमेरिकेत सर्वमान्य नोंद नाही तो हस्तिदंती चोचीचा सुतार जिवंत आहे.

त्यानंतर कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेने अनेक हिवाळे अनेक राज्यांत शोध घेतला, परंतु कोणालाही वाद घालता येणार नाही असे एकही छायाचित्र हाती लागले नाही. सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने हा पक्षी नामशेष ठरवण्याचा प्रस्ताव मांडला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या यादीतील 21 जाती अधिकृतपणे नामशेष ठरल्या, मात्र या सुताराचा निर्णय पुढे ढकलण्यात आला.

मागच्या जानेवारीत मी स्वतः त्या दलदलीत दोन दिवस घालवले. तिथे काय झाले ते नंतर लिहीन. आधी मला आपली मते हवी आहेत. आपण निर्णय घेणाऱ्याच्या जागी असतात, तर कोणता पुरावा मान्य केला असता? आणि पुरावा मिळतच नसेल, तर शोध कधी थांबवला असता?

बिनदुर्बीण
आमच्या सोसायटीचा सुतार पंधरा दिवसांपूर्वी "उद्या येतो" म्हणून गेला, तो पुन्हा दिसलेला नाही. अधूनमधून फोनवर आवाज ऐकू येतो, म्हणून नामशेष ठरवलेला नाही.

सोनपाठी
बिनदुर्बीण यांचा सुतार किमान आवाजावरून तरी ओळखता येतो. धाग्यातला गुंता असा आहे की त्याच जंगलात जवळजवळ तेवढाच मोठा, तसाच काळा-पांढरा आणि तशीच लाल शेंडी मिरवणारा पिलिएटेड नावाचा सुतार सर्रास आढळतो.

फरक पंखांत आहे. हस्तिदंती सुताराच्या पंखांची मागची कड रुंद पांढरी असते, त्यामुळे तो खोडावर बसला की पाठीच्या खालच्या भागावर पांढरी ढाल लावल्यासारखी दिसते. पिलिएटेड बसलेला असताना पाठ काळी दिसते आणि त्याचा पांढरा रंग पंखाच्या खालच्या बाजूला, पुढच्या भागात असतो. हस्तिदंती मादीची शेंडी काळी असते, हीही एक खूण आहे. चोचीवर मात्र फारसे विसंबू नये, कारण कोवळ्या उन्हात कोणतीही चोच फिकी दिसते.

पुस्तकात हे अगदी सोपे वाटते. प्रत्यक्षात पक्षी खोडाच्या पलीकडून निसटतो, त्याचे पंख वळतात आणि खालची बाजू क्षणभर वरची वाटते. 2006 मध्ये पक्षीतज्ज्ञ डेव्हिड सिबली व इतरांनी लूनो यांच्या चित्रफितीवर नेमका हाच आक्षेप घेतला होता. ज्याला मागची पांढरी कड म्हटले जाते, ती पिलिएटेडच्या पंखाची खालची बाजू असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्याकडे आंबोली, तिळारी आणि गोव्याच्या जंगलांत पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार दिसतो, तो पिलिएटेडच्याच कुळातला. तिळारीला तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा माझ्याबरोबरच्या चौघांनी चार वेगवेगळी वर्णने लिहिली होती. एकाच्या वहीत तर पोटाचा पांढरा रंग पाठीवर गेला होता. चौघेही अनुभवी होते आणि खोटे कोणीच बोलत नव्हते.

खानदेशी
विषय निघालाच आहे, तर आमच्या शहाद्याची आठवण करून देणे भाग आहे.

वन पिंगळा या लहान घुबडाचे वर्णन ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये केले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते आणि शेवटचा खरा नमुना 1884 मध्ये खानदेशात गोळा केलेला होता. पुढची शंभराहून अधिक वर्षे हा पक्षी कोणाला सापडला नाही. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो शहाद्याजवळच्या टेकड्यांत भर दिवसा झाडावर बसलेला दिसला. तेव्हा नंदुरबार जिल्हा वेगळा झालेला नव्हता, शहादे धुळ्यातच होते. पुढे हा पिंगळा तोरणमाळ आणि मेळघाटात आढळला, आणि 2014 मध्ये तर मुंबईच्या उशाशी असलेल्या तानसा अभयारण्यातही नोंदला गेला.

तेव्हा सत्तर-ऐंशी वर्षांत दिसला नाही म्हणून एखाद्या पक्ष्याचे दिवसकार्य उरकून टाकण्याची घाई करू नये. 1996 साली कोणी वन पिंगळा नामशेष ठरवून फाइल बंद केली असती, तर त्या टेकड्यांचे पुढे काय झाले असते याचा विचार करावा.

अर्धविराम
खानदेशी, वन पिंगळ्याचे उदाहरण या चर्चेत येणार हे मला ठाऊक होते, आणि ते आपल्या बाजूने आहे असे मला वाटत नाही. तो इतकी वर्षे का सापडला नाही, हे आपण सांगितले नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षीसंग्राहकाने 1914 मध्ये गुजरातेत मांडवी येथे हा पक्षी मिळवल्याचा दावा केला होता आणि अभ्यासक त्या नोंदीवर विश्वास ठेवून चालत होते. तो नमुना मुळात जुन्या संग्रहातून चोरून, पुन्हा पेंढा भरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला होता, हे पुढे रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी उघड केले. खोटी नोंद बाजूला सारून माणसे खऱ्या ठिकाणी गेली आणि पक्षी सापडला. शिवाय तो दिसण्यात साध्या ठिपकेदार पिंगळ्यासारखा असल्यामुळे कोणाच्या नजरेत भरत नव्हता.

हस्तिदंती सुताराचे सगळे उलट आहे. योग्य जागा ठाऊक आहेत, पक्षी प्रचंड आहे, गोंगाट करणारा आहे, आणि शोधणाऱ्यांकडे होड्या, ध्वनिमुद्रक, आपोआप टिपणारे कॅमेरे व ड्रोन होते.

दोन गोष्टी हिशेबाच्या. पहिली अशी. समजा एखाद्या जंगलात निरीक्षकांना पिलिएटेड हजार वेळा दिसला आणि त्यांतील फक्त एका टक्क्यात ओळख चुकली, तर दहा जण प्रामाणिकपणे "हस्तिदंती पाहिला" असे सांगतील. हस्तिदंती तेथे एकही नसला, तरी दहा साक्षी जमा होतील. म्हणून साक्षींची संख्या वाढल्याने बाजू भक्कम होत नाही. दहा कमकुवत धाग्यांचा दोर होतो, पण दहा धुरकट फोटोंचा एक स्पष्ट फोटो होत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. 2004 मध्ये जो पक्षी दिसला म्हणतात, तो 1944 सालचा म्हातारा पक्षी असू शकत नाही. मधल्या साठ वर्षांत पिढ्यामागून पिढ्या जोडप्यांनी ढोली पोखरून पिल्ले वाढवली असली पाहिजेत. म्हणजे न दिसलेला पक्षी एक नव्हे, न दिसलेल्या पिढ्यांची आख्खी वंशावळ आपल्याला गृहीत धरावी लागते. शिकारी, लाकूडतोडे, मासेमार आणि पक्षीनिरीक्षक यांनी भरलेल्या प्रदेशात तिच्यातील एकही मेलेला पक्षी, एकही व्यापलेली ढोली कोणाच्या हाती लागू नये, हे मला पटत नाही.

कुंपणावरचा
दोघांचेही पटले. माझी नेहमीची जागा मी सोडत नाही.

शिवणटाका
मी पक्षीनिरीक्षक नाही. शोधाच्या गोंधळात मूळ कथा मागे पडू नये, म्हणून लिहिते.

आमच्या आजीकडे पायाने चालवायचे सिंगरचे शिवणयंत्र होते, काळे, सोनेरी नक्षीचे, लाकडी खोक्यात बसवलेले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते असेल. लुइझियाना राज्यात टेन्सस नदीच्या काठी याच कंपनीच्या मालकीचे एक प्रचंड जंगल होते, जे यंत्रांच्या लाकडी भागांसाठी राखून ठेवलेले होते. ते सिंगर ट्रॅक्ट याच नावाने ओळखले जाई आणि त्याचा विस्तार सुमारे 81,000 एकर होता. 1935 मध्ये आर्थर ॲलन आणि त्यांचे सहकारी खेचरांच्या गाडीवर ध्वनिमुद्रणाची अवजड यंत्रसामग्री लादून तेथे गेले आणि त्यांनी हस्तिदंती सुताराच्या आवाजाचे मुद्रण केले. पत्र्याच्या पिपाणीसारखा तो आवाज आजही ऐकायला मिळतो आणि आजचे सगळे शोधक त्याच्याशीच आपले मुद्रण ताडून पाहतात.

ॲलन यांचे विद्यार्थी जेम्स टॅनर यांनी 1937 ते 1939 या काळात याच जंगलात व आसपासच्या राज्यांत या पक्ष्याचा अभ्यास केला. नुकत्याच मेलेल्या मोठ्या झाडांची साल सोलून तिच्याखालच्या जाड अळ्या खाणे, हे याचे मुख्य अन्न. अशी झाडे एका ठिकाणी थोडीच असतात, म्हणून एका जोडप्याला सुमारे सहा चौरस मैल जंगल लागते, असा टॅनर यांचा निष्कर्ष होता. तेवढ्याच जागेत पिलिएटेडची छत्तीस जोडपी राहू शकतात. देशभरात मिळून दोन डझनांच्या आत पक्षी उरले असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

पुढे जंगलतोडीचे हक्क शिकागो मिल या लाकूड कंपनीकडे गेले. तोड थांबवावी म्हणून पक्षीसंरक्षणाचे काम करणाऱ्या ऑड्युबॉन संस्थेने प्रयत्न केले, चार राज्यांच्या राज्यपालांनी पत्र लिहिले, परंतु कंपनीने ऐकले नाही. युद्धाच्या काळात मजूर कमी पडले, तेव्हा जर्मन युद्धकैद्यांकडूनही झाडे पाडून घेण्यात आली. एप्रिल 1944 मध्ये डॉन एकलबेरी नावाचा चित्रकार तेथे गेला आणि तोडलेल्या जंगलाच्या कडेला उरलेल्या एकट्या मादीची त्याने रेखाटने केली. अमेरिकेतले सर्वांना मान्य असलेले शेवटचे दर्शन ते हेच.

पक्षी कुठे आहेत, किती आहेत, त्यांना काय लागते, हे सगळे छापून आलेले असताना जंगल तोडले गेले. त्यामुळे "पुरावा काय" हा प्रश्न मला थोडा उशिराचा वाटतो. तेव्हा पुरावा होता.

जुना सभासद
शिवणटाका यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्याला थोडी आणखी जुनी पुरवणी जोडतो, कारण या पक्ष्याच्या बाबतीत पुरावा मागण्याची सवयच त्याच्या मुळावर आलेली आहे.

मार्क केट्सबी या निसर्गअभ्यासकाने अठराव्या शतकात लिहून ठेवले आहे की उत्तरेकडील मूळ रहिवासी या चोचींचे मुकुट करत आणि एका चोचीसाठी हरणाची दोन-तीन कातडी मोजत. 1809 च्या सुमारास पक्षीशास्त्रज्ञ अलेक्झांडर विल्सन यांनी नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टनजवळ एक नर जखमी करून पकडला. तान्ह्या मुलासारखे त्याचे रडणे सुरू असताना त्याला घेऊन ते खाणावळीत गेले, तेव्हा रस्त्यावरच्या बायका खिडक्यांतून डोकावू लागल्या. खोलीत कोंडलेल्या त्या पक्ष्याने भिंत फोडत नेली, टेबलाला बांधल्यावर टेबलाचा चुरा केला, अन्नाला तोंड लावले नाही आणि तो तीन दिवसांच्या आत मेला.

1924 मध्ये फ्लोरिडात ॲलन यांना एक जोडपे सापडले, आणि ते दूर गेले असताना पेंढा भरणाऱ्यांनी ते मारून नेले. 1932 मध्ये मेसन स्पेन्सर नावाच्या वकिलाने लुइझियानाच्या वन्यजीव अधिकाऱ्यांना सांगितले की टेन्ससच्या जंगलात हे पक्षी आहेत. त्यांनी त्याची थट्टा केली. पक्षी मारून आणण्याचा परवाना हातात पडल्यावर स्पेन्सर एक मेलेला नर घेऊन परतला. साहेबांचे समाधान झाले आणि जगातला एक पक्षी कमी झाला. सिंगर ट्रॅक्टचा पत्ता शास्त्रज्ञांना लागला तो यातूनच, हेही खरे.

एक निरीक्षण नोंदवतो. तेथील माणसांना पक्षी ठाऊक होता, तो नव्हता फक्त कार्यालयात. आपल्याकडे जेर्डनचा धाविक हा दुर्मीळ पक्षी 1986 मध्ये आंध्रातील कडप्पा जिल्ह्यात सापडला, तेव्हाही मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेच्या अभ्यासकांना तो स्थानिक पारध्यामुळेच मिळाला होता.

खानदेशी
अर्धविराम यांच्या माइनर्ट्झहागेनच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो मी मान्य करतो. वंशावळीच्या मुद्द्याला आहे. जे धीट होते ते आधी मेले, बुजरे तेवढे उरले, असे का घडले नसेल? शंभर वर्षे ज्यांच्यावर बंदुका रोखल्या गेल्या, त्यांच्यात माणसाचा आवाज येताच निसटणारेच वाचणार.

अर्धविराम
तसे घडणे शक्य आहे. मात्र "पक्षी दिसत नाही, कारण तो फार बुजरा आहे" हे विधान कधीच खोटे पाडता येत नाही आणि म्हणूनच त्याचा उपयोग नाही. याच तर्काने पानशेतच्या धरणात मगरी आहेत असेही सिद्ध करता येईल, त्या फक्त बुजऱ्या आहेत. झाडावर चोच मारून पाव मैल ऐकू जाणारा दुहेरी ठोका देणारा पक्षी किती बुजरा असेल, हाही प्रश्न उरतोच. टॅनर यांना घरट्याजवळ बसून निरीक्षणे करता आली होती.

बिनदुर्बीण
पानशेतचे नाव काढू नका, आम्ही पुढच्या रविवारी सहलीला चाललो आहोत.

पाणथळ
अर्धविराम, ठोक्याचा विषय काढलात, म्हणून 2002 ची हकीकत सांगतो. 1999 मध्ये लुइझियानात पर्ल नदीच्या काठी डेव्हिड कुलिव्हन या वनशास्त्राच्या विद्यार्थ्याने टर्कीची शिकार करताना जोडी पाहिल्याचे सांगितले होते. तारीख 1 एप्रिल होती, त्यामुळे बिचाऱ्याने काही काळ गप्प राहणेच पसंत केले. त्याच्या वर्णनावरून 2002 च्या आरंभी सहा निरीक्षकांनी तेथे महिनाभर शोध घेतला. त्यांनी दुहेरी ठोके ऐकले, मुद्रितही केले. प्रयोगशाळेत तपासल्यावर ते दूरवरच्या बंदुकीचे बार निघाले. तपासणीत चूक निघाल्यावर स्वतःचा दावा मागे घेणारी ही मंडळी मला फार प्रामाणिक वाटतात.

ब्रिंकलीविषयी कोणीतरी विचारील म्हणून आधीच लिहितो. 2005 च्या घोषणेनंतर तेथील एका केशकर्तनालयात लाल शेंडीची सुतारछाप हजामत पंचवीस डॉलरला मिळत असे आणि खानावळीत पक्ष्याच्या नावाचा बर्गरही होता. आता त्यातले फारसे काही उरलेले नाही.

माथेरानकर
याच पक्ष्याचा मोठा भाऊ मेक्सिकोत होता, त्याचीही नोंद येथे असावी. सम्राट सुतार हा जगातील सर्वांत मोठा सुतार पक्षी, सुमारे दोन फूट लांबीचा, पश्चिम सिएरा माद्रे डोंगररांगांतील पाइनच्या जुन्या जंगलांत राहणारा. त्याची चलचित्रफीत जगात एकच आहे. विल्यम राइन नावाच्या पेनसिल्व्हेनियातील दंतवैद्याने 1956 मध्ये दुरांगो राज्यात खेचरावर बसून, हातात कॅमेरा धरून ती काढली. पक्षी खोडावर उड्या मारत चढतो, शेंडी हलवतो, उडून जातो, आणि चित्र सारखे हलत राहते. फितीची लांबी 85 सेकंद. ती अनेक वर्षे पडून होती, पुढे मार्टयान लामरटिंक या संशोधकाने तिचा माग काढला आणि 2010 मध्ये चित्रीकरणाची जागा शोधून तेथे जाऊन आला. पक्षी नव्हता. गावातल्या वृद्धांना मात्र तो आठवत होता.

तुलना करून पाहावी. एक हौशी दंतवैद्य, 1956 सालचा कॅमेरा आणि चालते खेचर, तरीही तो पक्षी कोणता याबद्दल कोणाच्याही मनात शंका येत नाही. खरा पक्षी समोर असला की पुरावा किती सहज मिळतो, हे त्या फितीत दिसते. म्हणून माझे मत अर्धविराम यांच्या बाजूने आहे. क्युबातही 1980 च्या दशकाच्या मध्यावर हस्तिदंती सुताराच्या शेवटच्या खात्रीच्या मानल्या गेलेल्या नोंदी झाल्या आणि नंतरच्या शोधांतून काहीच मिळाले नाही.

फायलीतला माणूस
तीस वर्षे सरकारी नोकरी केली असल्यामुळे "निर्णय पुढे ढकलण्यात आला" हे वाक्य वाचून घरच्यासारखे वाटले.

विनोद सोडून बोलायचे, तर ढकलण्यामागे कारण आहे. हा पक्षी 1967 पासून संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. यादीतून नाव काढले की त्याच्या नावावर मिळणारे कायद्याचे संरक्षण संपते. नामशेष पक्षी चुकून यादीत राहिला, तर काही पैसे व मनुष्यबळ वाया जाते. जिवंत पक्षी चुकून यादीतून गेला, तर ती चूक दुरुस्त होत नाही. दोन चुका सारख्या नाहीत, म्हणून दोन्हींसाठी लागणारा पुरावाही सारखा असू नये. पाणथळ यांच्या प्रश्नात या दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत असे मला वाटते. "पक्षी जिवंत आहे" असे जाहीर करायला भक्कम पुरावा हवा, आणि "पक्षी गेला" असे जाहीर करायलाही घाई नको. मधल्या काळात फाइल प्रलंबित राहते. प्रलंबित फाइलचा इतका सदुपयोग मी प्रथमच पाहतो आहे.

जुना सभासद
फायलीतला माणूस यांच्याशी अंशतः असहमत. पैसे वाया जातात, ते कोणाच्या तरी वाट्याचे असतात. ज्यांची शेवटची काही जोडपी निश्चितपणे जिवंत आहेत, अशा पक्ष्यांनाही निधी हवा असतो. जेरोम जॅक्सन यांच्यासारख्या, या पक्ष्याचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या माणसाने 2005 च्या घोषणेवर श्रद्धेवर चाललेले पक्षीशास्त्र अशी टीका केली, ती उगीच नव्हे. दुसऱ्या बाजूने, त्या उत्साहात दलदलीच्या काठची बरीच जमीन संरक्षणासाठी घेतली गेली आणि तिचा लाभ इतर पक्ष्यांना, माशांना, अस्वलांनाही झाला, हेही नाकारता येत नाही.

सोनपाठी
"कोणता पुरावा मान्य कराल" याकडे परत येतो, कारण आधीचे दोन प्रयत्न बोधक आहेत.

1971 मध्ये लुइझियानाचे ख्यातनाम पक्षीतज्ज्ञ जॉर्ज लोअरी यांनी साध्या खिशातल्या कॅमेऱ्याने काढलेली दोन छायाचित्रे शास्त्रज्ञांच्या सभेत मांडली. पक्षी हस्तिदंतीच दिसत होता. तरी सभेने ती मानली नाहीत, कारण दोन्ही चित्रांत पक्ष्याची ठेवण फार सारखी होती आणि पेंढा भरलेला पक्षी खोडाला अडकवला असावा, अशी शंका आली. दुसरा प्रसंग 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धातला. फ्लोरिडात एका ढोलीपाशी एक पीस मिळाले आणि पक्षीतज्ज्ञ अलेक्झांडर वेटमोर यांनी ते याच पक्ष्याचे असल्याचे सांगितले. पीस खरे, पण पीस तेथे कधी आणि कसे आले, याचे उत्तर पिसाकडे नसते.

म्हणजे एका ठिकाणी चित्र स्पष्ट आणि पक्ष्याच्या जिवंतपणाबद्दल संशय, दुसरीकडे वस्तू अस्सल आणि तिच्या काळाबद्दल संशय. 2023 मध्ये लुइझियानातील दहा वर्षांच्या शोधाची कॅमेऱ्यांतील व ड्रोनवरील चित्रे प्रसिद्ध झाली, तीही मी बघितली आहेत. खोडावर एक मोठा पक्षी आहे आणि पाठीवर पांढरे काहीतरी आहे, यापलीकडे मी शपथेवर सांगू शकत नाही. पिलिएटेडमध्ये पंखावर जादा पांढरी पिसे असलेले विचित्र पक्षीही अधूनमधून निघतात.

माझी अट एकच आहे. ज्याने पाहिला त्याने जागा सांगावी आणि दुसऱ्या, त्याच्याशी संबंध नसलेल्या माणसाला तेथे जाऊन तो दिसावा. शहाद्याला पुढे नेमके हेच झाले. माणसे जात राहिली आणि पिंगळा दिसत राहिला.

खानदेशी
सोनपाठी, या अटीवर माझी सही. हस्तिदंती सुतार ही अट पुरी करत नाही, हेही खाली मान घालून लिहितो. आशा मात्र सोडत नाही, तिला पुरावा लागत नाही.

कुंपणावरचा
खानदेशी, इकडे या. कुंपणावर जागा आहे.

पाणथळ
सर्वांचे आभार. सांगायचे राहिलेले आता सांगतो.

जानेवारीत दुसऱ्या दिवशी पहाटे मी बायू डीव्ह्यूमध्ये एका जाड सायप्रसच्या आडोशाला होडी टेकवून बसलो होतो. धुके होते. सात वाजून गेल्यावर उत्तरेकडून दोन ठोके ऐकू आले, एकाला लागून दुसरा, दुसरा किंचित हलका. पुस्तकांत जसे वर्णन आहे तसेच. माझ्या हातातला चहाचा थर्मास पाण्यात पडला आणि मी तो उचललाही नाही. तीन-चार मिनिटांनी पुन्हा तसेच दोन ठोके आले. त्यानंतर पाच आले आणि पाठोपाठ बदकांचा थवा माझ्या डोक्यावरून गेला. बदकांच्या शिकारीचा हंगाम चालू होता.

पहिले दोन वेळचे ठोके बंदुकीचेच होते असे मी मानतो. त्या सात-आठ मिनिटांत मात्र मला काडीचीही शंका नव्हती, आणि त्या वेळी होडी वळवून घरी आलो असतो, तर मीही आयुष्यभर शपथेवर साक्ष दिली असती. अर्धविराम यांच्या दहा जणांत मी अकरावा झालो असतो.

सोनपाठी यांची अट मला मान्य आहे आणि फायलीतला माणूस यांनी दोन प्रश्न वेगळे करून दाखवले, तेही पटले. मी निर्णय घेणारा असतो, तर "जिवंत आहे" असे म्हटले नसते, आणि यादीतून नावही अजून काढले नसते. शोधाच्या पैशांतून टेन्ससच्या काठी किंवा इथे जुनी झाडे राखली असती. शिवणटाका यांनी सांगितलेले ते सहा चौरस मैल आधी कोणाला तरी उपलब्ध असले पाहिजेत.

शिकारीचा हंगाम जानेवारीअखेर संपतो आणि सायप्रसला पालवी फुटायला मार्च उजाडतो. मधल्या फेब्रुवारीत मी पुन्हा जाणार आहे. होडीत आणखी एका माणसाची जागा आहे.

सोनपाठी
तिकिटाचे पाहतो. कॅमेरा मी आणीन, थर्मास तुम्ही दोरीने बांधून ठेवा.